दर दोन मिनिटांना एक चमचा

शिक्षकाची एक खोड निवृत्तीनंतरही जात नाही. कुणी कुणाला काही शिकवताना दिसलं की पाय आपोआप थबकतात. एसटीत नव्या कंडक्टरला तिकिटाचं मशीन समजावणारा जुना कंडक्टर असो, की मंडईत लेकीच्या हातात तराजू देऊन बाजूला बसणारी भाजीवाली असो, मी आपली उभी राहते आणि मनातल्या मनात पाठाचं निरीक्षण लिहायला लागते. विषयप्रवेश चांगला, उदाहरणं कमी, मूल्यमापन राहून गेलं... बी.एड.ला आमच्या पाठांवर असे शेरे पडायचे, ते अजून डोक्यातून गेलेले नाहीत.

आजवर पाहिलेल्या पाठांमधला सगळ्यात चांगला कुठला, असं कुणी विचारलं तर मी कुठल्याच शाळेचं नाव घेणार नाही. तो पाठ मी २०१७ च्या पावसाळ्यात एका सरकारी दवाखान्यात, लहान मुलांच्या वॉर्डात पाहिला. शिकवणाऱ्या होत्या तिथल्या सिस्टर. विद्यार्थी होते आमच्याच घरातले तिघं : माझा पुतण्या, त्याची बायको आणि माझी धाकटी जाऊ. (हे सगळं जावेला आधी वाचून दाखवलं आहे. "लिहा की ताई, त्यात काय लपवायचंय?" असं म्हणाली, म्हणून लिहिते आहे.)

पुतण्याची मुलगी तेव्हा अकरा महिन्यांची होती. घरात सगळे तिला छकुली म्हणतात, इथेही तेच म्हणू. तिला आदल्या दिवसापासून जुलाब आणि उलट्या होत होत्या. सकाळी डोळे खोल गेले, रडताना डोळ्यांत पाणी येईना, तेव्हा आम्ही तिला घेऊन निघालो. मला सोबत घेतलं ते "ताई चार शब्द नीट बोलतील" म्हणून. बोलायची वेळ माझ्यावर फारशी आलीच नाही.

डॉक्टरांनी तपासलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू जागेवर गेली. वाटीतलं पाणी तोंडाशी नेल्यावर छकुली अधाशासारखी त्यावर तुटून पडली. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी झालंय, पण पिते आहे, शुद्धीत आहे, तेव्हा तोंडानेच द्या. चार तासांनी परत बघतो. आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

आमच्याकडे एकदम खळबळ! जाऊ म्हणाली, "म्हणजे सलाईन नाही लावणार?" पुतण्याचा चेहरा उतरला. पाऊण तासाचा रस्ता तुडवून आलो आणि हे म्हणतात पाणी पाजा! पाणी तर घरी पण होतं. आपल्याकडे सलाईन म्हणजे उपचार आणि सलाईन नाही म्हणजे हेळसांड, हे समीकरण पक्कं बसलेलं आहे. पुतण्या उठून म्हणालाच, "सिस्टर, पैशाची काळजी करू नका, पण सलाईन लावा."

सिस्टर पन्नाशीच्या असतील. त्या रागावल्या नाहीत. पुतण्याला म्हणाल्या, "लावते ना. पण हे सलाईन तोंडानं घ्यायचंय. आणि ते मी लावणार नाही, ही लावणार आहे." असं म्हणून त्यांनी छकुलीच्या आईच्या हातात ओआरएसची पुडी दिली.

मग हिशेब झाला, आणि इथे मी कान टवकारले. छकुलीचं वजन केलं, ते आठ किलो भरलं. एका किलोला ७५ मिलिलिटर याप्रमाणे आठ किलोला ६०० मिलिलिटर, तेही चार तासांत. एवढं नुसतं सांगितलं असतं तर आमच्यापैकी कुणालाच काही बोध झाला नसता. सिस्टरांनी चमचा दाखवला. "हा पाच मिलीचा. मग किती चमचे?" पुतण्या म्हणाला, "एकशेवीस." "आणि चार तासांची मिनिटं?" "दोनशेचाळीस." "झालं तर! दर दोन मिनिटांना एक चमचा. तुम्ही घड्याळ बघा, ह्या पाजतील."

सलाईनसाठी भांडायला उठलेला माणूस पुढचे चार तास मनगटावरच्या घड्याळाकडे बघत "हां, दे..." "हां, दे..." म्हणत बसला होता. त्याला करायला काम मिळालं होतं. भीतीवर याच्याइतकं चांगलं औषध मला तरी माहीत नाही.

मध्येच छकुलीला उलटी झाली. आई रडकुंडीला आली, जाऊ म्हणाली, "बघा, पोटात ठरतच नाही." सिस्टर पलीकडच्या खाटेवरून म्हणाल्या, "दहा मिनिटं थांबा. मग परत सुरू, जरा सावकाश." बस्स! दहा मिनिटांनी परत चमचा सुरू झाला. चार तासांनी छकुलीने लंगोट ओला केला तेव्हा आमच्या घरात कुणी पहिलं आल्यासारखा आनंद झाला. रात्री पुन्हा उलट्या झाल्या म्हणून डॉक्टरांनी ठेवून घेतलं. आम्ही एकूण तीन दिवस तिथे होतो.

त्या पाण्यात असतं तरी काय? पुडीवर छापलेलंच आहे. एक लिटर पाण्याला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट. जुलाब लागलेल्या आतड्यातून नुसतं पाणी नीट शोषलं जात नाही. पण साखर आणि मीठ ठराविक प्रमाणात एकत्र आले की साखरेचा हात धरून मीठ आतड्याच्या भिंतीतून आत जातं आणि त्यांच्या पाठोपाठ पाणी जातं. साखर जास्त झाली तर उलट पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून प्रमाणाला महत्त्व.

हे औषध दवाखान्यातून घरोघरी कसं गेलं, ते मी नंतर शोधून वाचलं. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. सीमेजवळच्या बनगावला छावणीच्या दवाखान्यात पटकीने माणसं जमिनीवर पडून मरत होती आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस तिथे होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मोजून पाण्यात मिसळून पिंपांतून द्यायला सुरुवात केली. पाजायला एवढे हात कुठून आणणार? म्हणून त्यांनी ते रोग्यांच्या आईबापांच्या, भावाबहिणींच्या हाती दिलं. आधी तिथे शंभरातले तीसएक रोगी दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. त्या काळच्या पुष्कळ डॉक्टरांना हे पटलं नव्हतं. एवढं गंभीर काम अडाणी नातेवाइकांच्या हाती कसं द्यायचं, ही शंका होती. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. बांगलादेशात या पाण्याला आजही 'खाबार स्यालाइन' म्हणतात, म्हणजे पिण्याचं सलाईन. आमच्या सिस्टरांनी तोच शब्द आपल्या अनुभवातून काढला होता.

इथे एक घरचं सांगते. फार जणांना ठाऊक नाही.

माझ्या पाठीवर एक भाऊ होता. १९५७ साली तो दीड वर्षाचा असताना त्याला हगवण लागली. मी सात वर्षांची होते, मला तो आठवतो. तेव्हाची समजूत अशी की पोटात काही गेलंच नाही तर बाहेर काय पडणार? जाणकार म्हणवणारे लोक तेच सांगत, आणि डॉक्टरसुद्धा पोटाला विश्रांती द्या म्हणत. आईने त्याचं दूध बंद केलं, पाणीही अगदी ओठ ओले करण्यापुरतं. तो पाण्याच्या तांब्याकडे हात करायचा. आई तांब्या फडताळावर ठेवून त्याला मांडीवर घेऊन बसायची. तिसऱ्या दिवशी तो गेला.

आईने त्याच्याबद्दल कधी बोलल्याचं आठवत नाही. पुढे पंचवीसएक वर्षांनी माझ्याकडे राहायला आली असताना रेडिओवर साखर-मिठाच्या पाण्याची माहिती लागली होती. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. आई निवडत होती ते तांदळाचं ताट तिने खाली ठेवलं. कार्यक्रम संपल्यावर म्हणाली, "एवढंच होतं?" आणि उठून मागच्या दारी गेली. मी तिच्यामागे गेले नाही. काय बोलणार होते?

त्या वेळी हे ज्ञान आमच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं, त्यामुळे आईचाही दोष नाही आणि सांगणाऱ्यांचाही नाही. पण आता ते आहे. पुडी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मीठ-साखर प्रत्येक घरात आहे. आता अडतं ते फक्त सांगण्यापाशी, आणि सांगितलेलं समोरच्याच्या हातात उतरण्यापाशी. म्हणून मी त्या सिस्टरांचं शिकवणं इतकं बारकाईने बघत होते.

त्यांची पद्धत सांगते. आधी त्या विचारायच्या. "घरी काय काय दिलंत?" छकुलीच्या आईने घाबरत घाबरत सांगितलं की अंगावरचं पाजत होते, पण सासूबाई म्हणाल्या म्हणून भात बंद केला. सिस्टर म्हणाल्या, "अंगावरचं चालू ठेवलंत ना? फार चांगलं केलंत. त्यानंच ती तगली." भाताचं लगेच काही बोलल्या नाहीत. मुलगी जरा सैल झाली, मान वर करून बघू लागली, तेव्हा म्हणाल्या, "आता मऊ भातही सुरू करू. आणि बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं द्या, झीज भरून निघते." आधी विचारणं, बरोबर असेल त्याचं कौतुक, मग नवीन सांगणं. विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान जागृत करणे, असं आमच्या पुस्तकात एका ओळीत छापलेलं असायचं. ते असं असतं!

दुसरं म्हणजे, त्या करून दाखवायच्या आणि मग करायला लावायच्या. दुसऱ्या दिवशीची पुडी त्यांनी छकुलीच्या आईकडून कालवून घेतली. हात साबणाने धुण्यापासून सुरुवात. तिने सवयीने पेल्यात पाणी घेतलं आणि पुडीतली चिमूट टाकायला गेली. सिस्टरांनी तिचा हात धरला नाही. विचारलं, "एका पेल्याला किती टाकायची, ते कसं ठरवणार?" ती थबकली. पुतण्याने पिशवीतून एक लिटरची पाण्याची बाटली काढली. "अख्खी पुडी, अख्खी बाटली. अर्ध्याला अर्धी करायची नाही. आणि उद्या सकाळी उरलेलं ओतून द्यायचं, चोवीस तासांवर ठेवायचं नाही."

आणि तिसरी गोष्ट, जी मला फार आवडली. "समजलं का?" हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून तीन दिवसांत एकदाही ऐकला नाही. शिक्षकांना ठाऊक आहे, "समजलं का?" विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो. त्या होकाराला काही अर्थ नसतो. सिस्टर काय करायच्या? खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "मी आता तुझी सासू. बोल, पोरीला पुन्हा जुलाब लागले तर काय करशील?" खरी सासू शेजारीच उभी! मुलगी लाजली. सिस्टर नाटकी आवाजात म्हणाल्या, "अगं, दूध पाजू नको, पोट फुगेल!" तेव्हा ती हळूच म्हणाली, "दूध द्यायचं आई. आणि प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप हे पाणी." "आणि जुलाब थांबले की ही झिंकची गोळी बंद ना गं?" "नाही, चौदा दिवस पूर्ण द्यायची." "आणि दवाखान्यात कधी आणायचं?" तिने बोटांवर मोजलं : काहीच पिईना झाली तर, घेतलेलं सगळं उलटलं तर, शी मधून रक्त पडलं तर, गुंगीत पडून राहिली किंवा झटके आले तर.

आमची जाऊ तोंडाला पदर लावून हसत होती. पण तिने सगळं ऐकलं होतं. सुनेने सासूला सांगणं अवघड असतं, ते सिस्टरांनी सासूच्या समोर, सुनेच्या तोंडून, कुणाचाही मान न दुखावता सांगून घेतलं. मी नंतर त्यांना म्हटलं, "हे मुद्दाम केलंत ना?" त्या म्हणाल्या, "बाई, घरी जाऊन भांडं कुणाच्या हातात असतं, त्याला शिकवावं लागतं. नुसत्या आईला शिकवून काय उपयोग? तिचं चालत नसतं."

हाच धडा बांगलादेशात फार मोठ्या प्रमाणावर शिकावा लागला होता. तिथल्या 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका १९८० पासून दहा वर्षं घरोघर जाऊन आयांना तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचं मिश्रण करायला शिकवत होत्या. एक कोटीहून जास्त घरं त्यांनी केली. सुरुवातीला असं दिसलं की आयांना पाठ तर झालंय, पण वापरत फार थोड्या आहेत. शोध घेतला तेव्हा कळलं की घरातल्या पुरुषांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. आणि शिकवणाऱ्यांपैकीही काहींचा स्वतःचा विश्वास नव्हता, त्या आपल्या घरी हे पाणी वापरत नव्हत्या. दोन्ही गोष्टी सुधारल्यावर वापर वाढला. त्यांची आणखी एक रीत होती. महिनाभराने दुसराच माणूस काही घरांत जाऊन त्या आयांना प्रश्न विचारी, आणि आयांना जेवढं आठवे, जेवढं बरोबर करता येई, त्या प्रमाणात शिकवणारीला पगार मिळे. हे मी आमच्या जुन्या शिक्षक मंडळींच्या कट्ट्यावर सांगितलं तेव्हा मोठी शांतता पसरली होती!

वॉर्डात बाकीही खाटा होत्या. शेजारच्या खाटेवर आठ महिन्यांचा मुलगा न्यूमोनियातून बरा होत होता. आई शेतमजूर, शाळेत गेलेली नाही. तिला घरी गेल्यावर मुलाचा श्वास मोजता यायला हवा होता. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असेल तर तो वेगवान समजतात. खोकला-सर्दीच्या मुलात असा वेग म्हणजे न्यूमोनियाची शंका. हे आकडे त्या माउलीला सांगून काय होणार? सिस्टरांनी तिला तिच्या साध्या मोबाईलवरचं घड्याळ दाखवलं. "हा आकडा बदलला की सुरू, पुन्हा बदलला की बंद. पोट वर आलं की एक. दहा झाले की एक बोट मिटायचं. मधेच मूठ बंद झाली की दवाखाना." पाच बोटं म्हणजे पन्नास श्वास. "आणि रडताना, दूध पिताना मोजायचं नाही. निजला असताना, पोटावरचं कापड वर करून." त्या बाईने दिवसभर किती वेळा मोजलं असेल! संध्याकाळी ती सिस्टरांना म्हणाली, "चार बोटं आन् वर दोन." सिस्टरांनी स्वतः मोजलं. एकेचाळीस भरले. एकाचाच फरक.

नंतर मला कळलं की गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने याच गरजेतून मण्यांचं एक साधन केलं होतं. मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेवर मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलं तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईलाही ते जमतं. त्याच कामातून पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग झाला. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ पासून देशभरात आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघतात, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर बेचाळीस दिवसांत सहा वेळा, ते याच वाटेने आलं. आशाताई दारात आली की "आमचं सगळं ठीक आहे" म्हणून तिला उंबऱ्यावरून परत पाठवणारी सुशिक्षित घरं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. तिला आत घ्या, बाळ दाखवा.

शिकलेल्यांचं आणखी एक उदाहरण तिथेच पाहिलं. एक चांगला शिकलेला, नोकरदार बाप. बाळाला तापाचं औषध घरी होतं ते त्याने आणून दाखवलं. त्यात दोन बाटल्या होत्या, एक थेंबांची आणि एक पातळ औषधाची. दोन्हीवर पॅरासिटामॉलच लिहिलेलं. तो म्हणाला, "एकच तर आहे, कुठलंही द्यायचं." सिस्टरांनी त्याला दोन्ही लेबलं मोठ्याने वाचायला लावली. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. दुसरीत पाच मिलिलिटरमध्ये १२५, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २५. "आता सांगा, पातळ औषधाच्या मापानं थेंबांचं औषध दिलं तर?" "चौपट जाईल," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. बाटलीबरोबर येतं तेच माप, त्याच बाटलीला. घरातला चमचा नाही आणि दुसऱ्या बाटलीचं टोपणही नाही. सिस्टर मला हळूच म्हणाल्या, "वाचता येणाऱ्याला वाचायला लावणं जास्त अवघड असतं."

एक गोष्ट मला तिथे फार चांगली वाटली, ती म्हणजे प्रत्येक खाटेपाशी आई होती. आपल्याला यात विशेष वाटत नाही. पण इंग्लंडमध्ये एके काळी मुलं दवाखान्यात ठेवली की आईबापांना आठवड्यातून ठराविक वेळीच भेटू देत. न्यूकॅसलचे डॉ. जेम्स स्पेन्स यांनी १९२५ पासून आयांना बाळांबरोबर ठेवून घ्यायला सुरुवात केली, ती विरळाच गोष्ट होती. सरकारी समितीच्या अहवालाने भेटीवरची बंधनं काढा आणि आयांना राहू द्या असं सांगितलं ते १९५९ साली. आपल्याकडे आई खाटेखाली चटई टाकून का होईना, पहिल्यापासून आहे. पुष्कळदा ती माणसं कमी म्हणून आहे, हेही खरं. रात्री त्या वॉर्डात तीसेक खाटांना एकच सिस्टर होती. पण आमच्या सिस्टरांची दृष्टी वेगळी होती. म्हणाल्या, "आई इथे आहे म्हणजे माझा विद्यार्थी वर्गात हजर आहे. घरी गेली की हातातून गेली. तीन दिवसांत काय भरायचं ते भरून घ्यायचं."

आणि त्यासाठी त्यांना वेगळा तास नव्हता. इंजेक्शन देताना, वजन करताना, चादर बदलताना हात चालू आणि तोंडही चालू. त्यांच्या मोठ्या रजिस्टरमध्ये ताप, औषध, जुलाब, लघवी, सगळ्याचे रकाने होते. "आईला शिकवलं, तिने करून दाखवलं" असा रकाना मला दिसला नाही. त्यांचं निम्मं काम तर तेच होतं! नोंद नसलेलं काम माणसं कमी पडली की सगळ्यात आधी गळतं, हे मी शाळेतही पाहिलं आहे. वर्गात साठ मुलं झाली की शिक्षक फळ्यावर लिहितो, पण वही बघत नाही. एका सिस्टरकडे तीस खाटा दिल्या तर ती औषध देईल, पण खाटेच्या कडेला सासू होऊन बसायला वेळ कुठून आणेल? या सिस्टर तो वेळ काढत होत्या, तो स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीतून. हे कौतुकाचं आहे, पण असं असू नये.

निघायच्या दिवशी गावाकडून एक पाहुणे भेटायला आले. छकुलीसाठी त्यांनी औषधाच्या दुकानातून फळांच्या स्वादाचा, नावात 'ओआरएस' असलेला एक गोड डबा आणला होता. सिस्टरांनी तो छकुलीच्या आईकडे दिला आणि म्हणाल्या, "तूच सांग." तिने डबा आणि पुडी शेजारी धरून वाचलं. डब्यात साखर कितीतरी जास्त होती. तिने पाहुण्यांना सांगितलं, "काका, हे सरबत आहे, तुम्ही घ्या." अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी, डॉ. शिवरंजनी संतोष यांनी, त्यासाठी आठ वर्षं पाठपुरावा केला होता. तरी दुकानात पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे आहे ना, हे लेबलवर वाचूनच घ्यावं.

छकुली आता तिसरी-चौथीत जाते आणि मला पाढे म्हणून दाखवायचा कंटाळा करते. तिच्या आईकडे वाडीतल्या बायका मूल आजारी पडलं की विचारायला येतात. ती काय करते, ठाऊक आहे? आधी विचारते, "घरी काय दिलंत?"

मी स्वतः एक नवी रीत पाडली आहे. बारशाला जायचं झालं की झबलं-टोपडं नेतच नाही. एका डब्यात ओआरएसच्या चार पुड्या, एक लिटरची खूण असलेली बाटली, मोजायचा पाच मिलिलिटरचा चमचा आणि डिजिटल थर्मामीटर. झाकणाच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात कागद चिकटवते : पुडी पूर्ण, पाणी एक लिटर. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरचं दूध चालू. पिईना, गुंगीत, झटके, शी मधून रक्त, छातीत खड्डा पडून जोरात श्वास... तर ताबडतोब दवाखाना. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, गुटी नाही, पाणी नाही, आणि वर्षापर्यंत मध नाही. लसींचं कार्ड याच डब्यात ठेवा.

डबा दिला की मी लगेच निघत नाही. बाळाच्या आजीला शेजारी बसवते, झाकण मिटते आणि म्हणते, "आता न बघता मला सांगा बघू."